सहा मीटर कमी

मैदानावर फक्की मारणं, म्हणजे पांढऱ्या भुकटीने धावपट्टीच्या रेघा आखणं, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला फक्कीमामाच म्हणत. रेघ अशी मारायचा, की बघत राहावं. तोंड उघडायची वेळ आली की मात्र गडी ढेपाळायचा.

स्टेडियम बांधलं तेव्हा राष्ट्रप्रमुखांना शर्यत जवळून दिसावी म्हणून त्यांचा सज्जा ऐन वेळी पुढे आणला. धावपट्टीचं वळण आत ढकललं गेलं. मामाने टेप लावली, तर चारशे मीटरची फेरी तीनशे चौऱ्याण्णवच भरली. तो धापा टाकत इंजिनियरकडे गेला.

"साहेबांच्या खुर्चीपेक्षा तुझी टेप मोठी का रे? उद्या उद्घाटन आहे. आख मुकाट्याने."

त्याने आखलं. पुढे दर स्पर्धेआधी 'मैदान मोजले, बरोबर आहे' या कागदावर सहीही ठोकत गेला. अकरा वर्षं!

मग काय विचारता! महिन्याला एक विक्रम मोडायला लागला. नव्या राजवटीचं नवं रक्त म्हणून भाषणं झडली. आणि एके दिवशी आठशे मीटरचा देशाचा विक्रम मोडला तो मामाच्याच लेकीने. दोन फेऱ्यांत बारा मीटर कमी, म्हणजे दोन सेकंद फुकटचे. पोरगी पदक घेऊन घरी आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. आता तरी बोलावं ना बापाने? पण तिच्या आनंदात माती कशी कालवायची? उद्या सांगू म्हणाला, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

परदेशातल्या स्पर्धेत ती जीव तोडून धावली आणि शेवटची आली. आपल्याच विक्रमापेक्षा दोन सेकंद मागे. विमानतळावरून तिला थेट चौकशी समितीपुढे नेलं. देशाची नाचक्की करायला मुद्दाम हरली, असा आरोप. शाबीत झाला तर धावण्यावर कायमची बंदी आणि तिची शाळेतली नोकरीही जाणार.

मामा तडक तिथे पोचला आणि लेकीसमोरच सगळं घडाघडा ओकून मोकळा झाला.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मैदान चुकलेलं नाही. चुकणारही नाही. फार तर विक्रमाच्या दिवशी घड्याळ चुकलं असं लिहू. हिचा विक्रम रद्द, पोरगी निर्दोष."

"उपकार झाले, साहेब!" मामाने हात जोडले. त्याच्या जिवात जीव आला.

लेक बापाकडे बघत होती. "बाबा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

मामाने जोडलेले हात खाली घेतले.

"मला पहाटे हाका मारून उठवायचात, तेव्हाही?"

"अगं, तू पळायचीस चांगलीच. थोडंसंच कमी..."

"म्हणजे तेवढ्या वेगाने मी कधी धावलेच नाही."

मामाने मान खाली घातली. ती अध्यक्षांकडे वळली. "घड्याळ बरोबर होतं, साहेब. मैदानही बरोबर आहे. माझा विक्रमही खरा. मी मुद्दाम हरले. लिहून घ्या."

"पोरी, वेडी झालीस का?" मामा ओरडला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी लिहून घेतलं, आणि खाली साक्षीदार म्हणून बापाची सही घेतली.