बर्फाची पिशवी
परवा मासळीवालीने फोडलेला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि त्या ओल्या, गार वासाने मला सिल्वासातली एक दुपार आठवली. यजमान तेव्हा तिथून जवळच गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि आमची लेक जेमतेम आठ महिन्यांची होती. त्या दिवशी सकाळपासून ती दूध ओढेना, घामाने चिंब झाली. छातीवर हात ठेवला तर ठोका वेगळा लागेना, नुसती थरथर. आम्ही दोघं तिला घेऊन दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी पाहिली आणि पिशवीत बर्फ-पाणी भरून मागवलं. “हृदय भलतंच जोरात पळतंय. चेहऱ्याला एकदम गार लागलं की गती खाली येते. ताई, डोकं घट्ट धरा.” पिशवी कपाळावर, डोळ्यांवर, नाकावर टेकली आणि तिचा श्वास अडकला. यजमान ओरडले, “अगं सोड, गुदमरेल ना पोरगी!” मी सोडलं नाही. पिशवी उचलताच तिने थेट माझ्याकडे पाहिलं आणि टाहो फोडला. “आले ठोके जागेवर,” बाई म्हणाल्या. मी हात पुढे केले, तर ती मान फिरवून बापाच्या खांद्याला बिलगली, ती संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आलीच नाही. पुढे बरीच औषधं झाली, लेक धडधाकट वाढली. त्या दिवशी मी बरोबरच केलं, हे मला कळतं. तरी आता तिच्या बाळाला औषध पाजायचं असलं आणि तिने “आई, याला जरा धर गं” म्हटलं, की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते.