दोन पाकिटांवरचा सूर्य

लोणारच्या बस स्टँडसमोर शेखरभाऊंचं मेडिकल आहे. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मसीचं सर्टिफिकेट टांगलंय, पण ते ज्याचं आहे तो माणूस वर्षातून दोनदा, तपासणीच्या दिवशी दुकानात दिसतो. दुकान चालवायचा प्रेमानंद. सुलतानपूरचा, बारावी नापास, बावीस वर्षं त्याच काउंटरमागे उभा. उभं राहून राहून पोटऱ्यांच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या होत्या, पण कुठली गोळी कुठल्या खणात हे डोळे बांधले तरी त्यानं सांगितलं असतं.

आमच्या भागात डॉक्टरची चिठ्ठी फार दिवस टिकत नाही. ती धुण्यात जाते, नाहीतर नातवंडं तिची होडी करतात. म्हणून माणसं गोळ्यांचं रिकामं पाकीट जपून ठेवतात, रुमालाच्या गाठीत बांधून आणतात आणि काउंटरवर ठेवून म्हणतात, "हेच द्या." औषधाचं नाव कोणी घेत नाही. निळं पाकीट बीपीचं, चंदेरीवर लाल रेघ असलेलं साखरेचं. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रेमानंदनं स्वतःची लिपी काढली होती. पाकिटावर काळ्या मार्करनं सूर्य काढला की सकाळी, चंद्र काढला की रात्री. सूर्य तो मन लावून काढायचा, गोल, आठ किरणांचा. आसपासच्या दहा खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या डब्यांतून प्रेमानंदचे सूर्य होते. डॉक्टर काय म्हणाला ते लोक विसरायचे, प्रेमानंदनं काय काढून दिलं ते विसरत नसत.

पंचफुलाबाई त्याच्याच गावच्या. मेथी-सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायच्या आणि आठवडी बाजाराला लोणारात आणून विकायच्या. सहा वर्षांपासून त्यांना साखर होती. प्रेमानंदची आई गेली तेव्हा तेरा दिवस त्याच्या घरची चूल याच बाईनं सांभाळली होती. बाजार आटोपला की त्या दुकानात येत आणि गोळ्यांच्या आधी एक जुडी काउंटरवर ठेवत. "घे बाप्पा, तुह्यासाठी ठेवली."

बिघडलं ते औषध कंपनीचा माणूस हरिओम साखरेवरची नवी गोळी घेऊन आला तेव्हा. नवी म्हणजे काय, तर तीच. तेच औषध, तेवढीच मात्रा, कंपनीही तीच. जुनं पाकीट अठरा रुपयांचं, नवं शहाण्णवचं, हिरवं, चकचकीत, वर धावणाऱ्या माणसाचं चित्र. तो धावणारा माणूस एकटाच अठ्ठ्याहत्तर रुपयांचा म्हणायचा!

जुनी गोळी कंपनीला बंद करायची नव्हती. बंद केली की गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाच्या स्वस्त गोळीकडे गेलंच. ती फक्त कुणाच्या नजरेला पडू द्यायची नव्हती. नवीचे दहा खोके उचलले तरच जुनीचा एक मिळणार, आणि दिवाळीपर्यंत ठरलेला माल खपवला तर शेखरभाऊंना जोडीनं गोव्याची सहल. हरिओमनं काउंटरवर कोपर टेकून प्रेमानंदची शिकवणी घेतली.

"जुनी नाही असं म्हणायचं नाही. 'आहे, पण आता कोणी नेत नाही' म्हणायचं. आणि दोन्ही एकच आहेत हे तोंडातून निघता कामा नये. एकच म्हटलं तर जास्तीचे पैसे कोण देईल? वेगळी आहे म्हणा."

"पण वेगळी नाही ना ते," प्रेमानंद म्हणाला.

"पाकीट तर वेगळं आहे!" हरिओम हसला. शेखरभाऊही हसले. मग प्रेमानंदही हसला. पगार देणारा हसला की नोकराला तोंड पाडून चालत नाही.

चंदेरी पाकिटांचा खोका काउंटरखाली रद्दीच्या मागे गेला. पहिले काही दिवस प्रेमानंद चाचरला, मग जीभ सरावली. "नवी आली. ताकद टिकवते." लोक कुरकुरत, पण घेत. खोटं कशाला बोला, त्याला याचा थोडा गर्वही वाटायचा. बावीस वर्षांत कमावलेला शब्द होता तो, आणि आता तोच पाकिटासोबत विकला जात होता.

पोळ्यानंतरच्या बाजाराला पंचफुलाबाई आल्या. नेहमीप्रमाणे आधी जुडी ठेवली, मग गाठ सोडून रिकामं चंदेरी पाकीट पुढं केलं. हरिओम नेमका तिथंच उभा होता. प्रेमानंदनं दोन हिरवी पाकिटं काढली.

"हे कोणतं रे बाप्पा?"

"नवी गोळी आली, मावशी. ताकद टिकवते. आता सारे हेच नेऊन राह्यले."

"अन् घरी अजून दीड पाकीट जुनं पडलं आहे. त्याचं काय करू?"

इथं एक वाक्य पुरलं असतं. 'एकच आहे मावशी, आधी जुनी संपव.' ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण जुनी संपव म्हटलं की बाई म्हणणार, मग आज कायले नेऊ? हरिओमनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"ते वेगळं मावशी, हे वेगळं," प्रेमानंद म्हणाला, आणि मार्करचं टोपण काढून दोन्ही हिरव्या पाकिटांवर सूर्य काढला.

ज्या बाईनं जन्मात सांभाराची काडी वाया जाऊ दिली नाही, ती दीड पाकीट गोळ्या उकिरड्यावर टाकणार होती थोडीच! आणि टाकायच्या तरी कशासाठी? प्रेमानंदच म्हणाला होता की ते वेगळं आणि हे वेगळं. एक साखरेची, एक ताकदीची. सूर्य दोन्हीवर होता. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी दोन्ही गोळ्या घेऊ लागल्या.

त्यांचे हात कापू लागले, मध्येच दरदरून घाम फुटू लागला. भाकर खाल्ली की जरा बरं वाटायचं. ताकदीची गोळी अंगी लागायला वेळ घेते, असं त्यांनी सुनेला, रुपालीला, समजावलं. मग संकष्टी आली. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. गोळ्या तेवढ्या घेतल्या, कारण औषधानं उपास मोडत नाही. दुपारी चारच्या सुमारास त्या मेथीच्या वाफ्यात पालथ्या पडलेल्या रुपालीला दिसल्या. किती वेळ पडल्या होत्या कोण जाणे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर पार तळाला गेली आहे. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई वारल्या.

गाव म्हणालं, उपासानं गेली, पुण्यवान बाई. प्रेमानंद मातीला गेला होता. तिथं त्यानं हे ऐकलं आणि मनातल्या मनात त्याला हायसं वाटलं. माणसाचं मन असं चोर असतं. काहीतरी खटकत होतं, पण उपासाचं कारण आयतं मिळालं होतं, ते त्यानं मुकाट्यानं घेतलं.

तेरवी आटोपल्यावर रुपाली दुकानात आली. सासूचा गोळ्यांचा डबा तिनं काउंटरवर उघडला.

"भाऊ, हे हिरवं आख्खं आहे. वापस होईल का? महागाचं आहे म्हणून आणलं."

प्रेमानंदनं डबा पुढं ओढला. आख्ख्या पाकिटाखाली फोडलेलं हिरवं पाकीट होतं, आणि त्याला रबर लावून बांधलेलं फोडलेलं चंदेरी. दोन्हींवर त्याच्याच हातचे सूर्य.

"मावशी दोन्ही घेत होती?"

"हाव. रोज सकाळी. तुम्हीच तं दोन्हीवर सूर्य काढून देल्ला."

तो स्टुलावर बसला. बावीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर तो पहिल्यांदा बसला असेल.

"रुपाली, एकच गोळी आहे बाई ही. दोन्ही एकच. दुप्पट गेली तिच्या पोटात."

रुपालीनं रबर सोडून दोन्ही पाकिटं उलटसुलट पाहिली. मग तिनं विचारलं, "मंग तुम्ही वेगळी काऊन म्हटली?"

"वेगळी म्हटल्याशिवाय कोणी घेत नाही."

ती डबा तसाच टाकून पायऱ्या उतरून गेली. आतून शेखरभाऊ म्हणाले, "हळू बोल बे, लोक आहेत दुकानात."

त्याच दिवशी प्रेमानंदनं काउंटरखालचा चंदेरी खोका वर काढून समोर मांडला आणि येईल त्याला सांगू लागला, एकच आहे, स्वस्त न्या. संध्याकाळी शेखरभाऊंनी त्याला घरी बसवलं. पंचफुलाबाईंच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. कशाची करणार? गोळी खरी होती, बिल पक्कं होतं. शेखरभाऊ दिवाळीनंतर गोव्याला जाऊन आले.

प्रेमानंदनं एकेक चेहरा आठवला. कोणाकोणाला आपण हिरवं दिलं, कोणाच्या घरी चंदेरी शिल्लक असेल. मग सायकल काढून तो दारोदार जाऊ लागला. एक-दोघांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, दुकानात होता तवा एक सांगे, काढला तं दुसरं सांगून राह्यला. खोटं बोलत होता तेव्हा सारं गाव विश्वास ठेवत होतं, आणि आता खरं बोलायला लागल्यावर त्याला चहा विचारणंही लोकांनी सोडलं.

भगवानराव सुलतानपुरातलेच, चांगले बागायतदार, पंचाहत्तरीचे. सकाळी ओसरीत बाजेवर बसले होते.

"काका, साखरेच्या दोन गोळ्या घेता का तुम्ही? हिरवी अन् चंदेरी?"

"घेतो. काऊन?"

"एकच गोळी आहे ते. एक बंद करा. पंचफुलामावशी त्याच्यानंच गेली."

"पंचफुला उपासानं गेली, साऱ्या गावाले ठाऊक आहे," भगवानराव म्हणाले. "शेखरनं काढलं म्हणून तू जळून राह्यला. बावीस वर्षं मीठ खाल्लं त्याचं, जरा लाज धर."

"काका, पाया पडतो तुमच्या. मीच खोटं बोललो होतो."

भगवानरावांनी बंडीच्या खिशातून दोन पाकिटं काढली, बाजेवर शेजारी शेजारी ठेवली आणि आधी एका सूर्यावर, मग दुसऱ्या सूर्यावर बोट ठेवलं.

"हा कोणी काढला? अन् हा? तूच ना? मंग!"

प्रेमानंद काही बोलायच्या आत त्यांनी दोन्हींतली एकेक गोळी तळहातावर घेतली आणि पाण्यासाठी सुनेला हाक मारली.