रणपिसे मॅडमची भीती

नवा कोड सर्व्हरवर चढवायच्या आधी रणपिसे मॅडम खुर्चीतून उठायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, “मला भीती वाटतेय. अजून कोणाला वाटतेय?” ज्याला वाटत असेल त्याने हात वर करायचा आणि कशाची ते सांगायचं. एक जरी हात वर असला तरी काम थांबायचं. हडपसरच्या आमच्या ऑफिसात हा नेमच होता. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाई, पण प्रत्येक वेळी त्यांचे तळहात ओले व्हायचे. माउसशेजारी त्यासाठी एक रुमाल घडी करून ठेवलेला असायचा. मागच्या वर्षी मॅडम गेल्या. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला एकाच दिवसाविषयी लिहावं लागेल.

मी लोणी काळभोरचा. वडील टेम्पो चालवतात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. त्यामुळे चारचौघांत हात वर करणं मला जमत नव्हतं. भीती तर रोज वाटायची. पण ती शिकलेल्या घरातल्यांनी दाखवावी. त्यांची चूक ही चूक असते. माझी झाली तर लोक म्हणतील, “तरीच.”

आमचं काम म्हणजे एका तपासणी लॅबची वेबसाइट. पेशंटने ‘माझा रिपोर्ट’वर बोट ठेवलं की त्याची मागणी एकात एक बसवलेल्या तुकड्यांतून आत जायची. एक तुकडा नोंद करायचा, एक माणूस कोण ते ओळखायचा, आणि सगळ्यात आतला रिपोर्ट काढून द्यायचा. मॅडम शिकवायच्या, “सोसायटीत शिरलास की आधी वॉचमन, मग लिफ्ट, मग घराचं दार. वॉचमन नेऊन गच्चीवर बसवलास तर तो कितीही इमानदार असू दे, उपयोग काय? कोण किती हुशार ते मला सांगू नकोस. कोण कोणाच्या आत बसलाय ते सांग.” कोणी “माझ्याकडे चालतंय मॅडम” म्हणालं, की थंडपणे विचारायच्या, “मग सगळ्या पेशंटना तुझ्या घरी बोलवू या का?”

साइट हळू चालते अशी लॅबची तक्रार होती. मी एक नवा तुकडा लिहिला. एकदा दिलेलं उत्तर तो अर्धा तास साठवून ठेवायचा आणि पुन्हा तीच मागणी आली की तेच द्यायचा. तो मी ओळखणाऱ्या तुकड्याच्या बाहेर बसवला. त्या सकाळी मॅडमनी विचारलं, “अजून कोणाला वाटतेय?” माझ्या मनात क्रमाची शंका आली होती. मी हात टेबलाखाली ठेवला.

अकराला पहिला फोन आला. एक काका होते. “मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तुमच्या साइटप्रमाणे मला तिसरा महिना आहे. डोहाळजेवण लॅबतर्फे, की आम्हीच करायचं?” कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी साइट बंद केली. तेवढ्यात दुसरा फोन आला, कर्वेनगरच्या एका बाईंचा. गळ्याच्या गाठीची तपासणी केलेली, आणि त्यांच्या नावाखाली रिपोर्ट आला होता कॅन्सरचा. त्या एकच विचारत होत्या, “हा माझा आहे का? तेवढं सांगा.”

“काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मी यांना काय सांगू?” मॅडम म्हणाल्या. “लॅबच्या नोंदीच मिसळल्या असतील तर कोणाचं काहीच खरं नाही. सकाळी कोणी काय बदललं ते एकेकाने सांगा. मला आता खरंच भीती वाटतेय.”

मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. नोकरी जाणार, वडील गावात काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, “किरकोळ, स्पीडचं काहीतरी.” मॅडम लॅबच्या नोंदी तपासत राहिल्या. पाऊण तास. मग त्या बाईंचा पुन्हा फोन आला. आता त्या विचारत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या. मी उठलो. “मॅडम, साठवणारा तुकडा मी बाहेर बसवलाय.”

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. “म्हणजे कोण मागतंय ते न ओळखताच, दर अर्ध्या तासात पहिल्याने उघडलेला रिपोर्ट त्या अर्ध्या तासातल्या पुढच्या सगळ्यांना गेला. वर नाव ज्याचं त्याचं, खाली मजकूर पहिल्याचा. नोंदी शाबूत आहेत.”

“मला काढणार का?”

“ते नंतर. तुकडा चुकीच्या जागी बसवलास ते मी दहा मिनिटांत दुरुस्त करीन. हा पाऊण तास कोण दुरुस्त करणार? त्यांना फोन लाव. तुझ्या नावाने सांग.”

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, “मुलीला ऑफिसातून बोलावून घेतलं हो मी.” आणि फोन ठेवता ठेवता, “मग तो ज्याचा आहे, त्याला माहितीये का?”

मॅडमनी नोंद काढली. रिपोर्ट ज्यांचा होता त्या गृहस्थांनी स्वतः साडेदहाला तो उघडला होता. त्या अर्ध्या तासातले पहिले तेच. “यांचा रिपोर्ट दुसऱ्यांच्या पडद्यावर गेला, हे यांना सांगायला हवं,” मॅडम म्हणाल्या. मी फोन उचलायला लागलो. त्यांनी माझा हात बाजूला केला. “हा नाही. हा माझा.”

फोनचा स्पीकर सकाळपासून चालूच होता. मॅडमनी नाव सांगितलं, माफी मागितली, सरमिसळ कशी झाली ते सोप्या शब्दांत सांगितलं. मग ते गृहस्थ घाईघाईने म्हणाले, “म्हणजे अदलाबदल झालीय ना, ताई? मग माझाही दुसऱ्या कोणाचा असेल.”

मॅडमनी डोळे मिटले.

“नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “तुमचा तुमचाच आहे.”

ते फोन ठेवेनात. मॅडमनीही ठेवला नाही. “घरी कोण आहे तुमच्याबरोबर?” त्यांनी विचारलं, आणि ते उत्तर देईपर्यंत थांबल्या.