भाऊच्या कागदांची खोली

खाटेचा पाय मोडला आणि कागदांची खोकी दारावर कोसळली. दार आत उघडणारं. आत मी आणि भाऊ. त्याचा दम्याचा पंप स्वयंपाकघरात. मे महिन्याची दुपार, वीज गेलेली, आणि शेजारी सगळे लग्नाला सोनगीरला.

भाऊ म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी चौथीपर्यंत शिकले, तो परदेशात अर्थशास्त्राचा प्रोफेसर झाला. कोणत्या देशाने काय पिकवावं, काय बाहेरून घ्यावं, हे तो शिकवायचा. मंत्री त्याला विचारायला यायचे. निवृत्त झाल्यावर तो धुळ्याला माझ्याकडे आला, कागदांसकट. मला घरात चालायला वाट उरली नाही. आवर म्हटलं की त्याचं ठरलेलं, "अक्का, घाई करणारा देश आणि घाई करणारी बाई, दोघांचं दूध उतू जातं."

आता त्याचं विद्यापीठ ते कागद जपायला नेणार होतं. वर्षभर खपून त्याने क्रम लावला. वाळवी चढू नये म्हणून खोकी खाटेवर, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. वाट्या मीच भरायचे. लाकूड कुजेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खोकी सरकेनात. खिडकीला गज. मी एक खोकं फोडलं आणि गठ्ठे गजांतून गल्लीत टाकायला लागले.

"काय करी राह्यनी तू?" भाऊ भिंतीला टेकून धापा टाकत होता. "क्रम मोडी जाई!"

"तुना दम तुटी राह्यना, तेनं बोल."

"अक्का, बकरी खाई राह्यनी!"

"खाऊ दे. तुनं लिखेल कोनले तरी पची."

तो हसला आणि आणखीच घुसमटला. ओठ निळे पडले. मग त्यानेच बोट दाखवलं, मानपत्रं आधी. मग भाषणं. हाताने लिहिलेल्या कागदांच्या खोक्यावर मात्र तो जाऊन बसला, अगदी दारापुढे. बोलायला श्वास नव्हता, नुसती मान हलवत होता. मी दंड धरून त्याला बाजूला केलं आणि तेही रिकामं केलं.

दार वीतभर उघडलं. मी अंग चोरून निघाले, पंप आणला. औषध छातीत उतरल्यावर त्याने विचारलं, "कितला कागद राह्यनात?"

"तू राह्यना. बास."

विद्यापीठाने कागद पोत्यांत भरून नेले, तसेच विस्कटलेले. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पुढे दोन वर्षांनी हिवाळ्यात तो गेला. त्या दुपारी मात्र आम्ही दोघंही जिवंत बाहेर आलो.