वर्ष व्हायच्या आत वाळवण

रिठदमध्ये एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घरात वाळवण घालायचं नाही. कुरड्या-पापड शेजारणीने द्यायचे, तेच खायचे. रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही, पण मोडणाऱ्याचं नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. यंदा ते नाव साधनाचं.

तिचा नवरा देवमन. दिवाळीनंतर टमाट्याची रोपं लावली, आणि फुलं यायच्या आत काविळीने गेला. फाल्गुनात झाडं लालभडक टमाट्यांनी वाकली, तर रिसोडच्या बाजारात त्यांना कुत्रं विचारीना. साधनाने बचत गटातून टमाटे वाळवायची सोलर पेटी आणली. वर काचेचं झाकण, आत काळ्या जाळ्या. गच्चीवर मांडली. चकत्या कापायच्या, मीठ लावायचं, एकमेकींना चिकटू न देता जाळीवर पसरायच्या. बाकीचं ऊन बघतं.

गावाला चघळायला विषय मिळाला. बायका येता-जाता मान मोडेपर्यंत वर बघू लागल्या. शेवटी थोरले दीर जगदेव स्वतः गच्चीवर आले. लग्न झाल्यापासून साधनाने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की तोंडातून शब्द काढला नव्हता.

"वर्ष झालं नाही अन् वाळवण घालून राह्यली तू? लोकं नावं ठेवून राह्यले आपल्याले. उचल हे."

"नाही उचलत."

जगदेव बघतच राहिले.

"कुरड्या नाही घातल्या मी, भाऊजी. पापड नाही लाटले. हे टमाटे त्यायनं लावले. त्यायच्या हातचं शेवटचं पीक हाय हे. सडू कायले देऊ?"

"रीत हाय आपली."

"मंग तुमीच पाळा." साधनाने झाकण उघडलं, जाळी ओढली आणि त्यांच्या पुढ्यात धरली. "त्यायले खांदा तुमी देला. आता हे बी तुमच्याच हातानं उकिरड्यावर फेका. मी नाही फेकत."

जगदेवांनी हात पुढे केला. चकत्या अर्ध्या वाळल्या होत्या, कडा आत वळल्या होत्या. धाकट्या भावाला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं. हात जाळीपर्यंत गेला नाही. ते जिना उतरले.

साधनाने झाकण लावलं. तिला भोकाड पसरून रडावंसं वाटलं, फार वाटलं. पण पाटीभर टमाटे कापायचे होते आणि ऊन माथ्यावर आलं होतं. ती विळी घेऊन बसली, गच्चीच्या कडेला, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी.