प्रयागच्या मानेवरचा डाग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्या उस्तादांनी माझ्या हातात कॅमेरा दिला त्यांनाही नाही — आणि त्यांच्यापासून मी काही लपवत नसे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. लिहायला बसताना खोलीचं दार लावून घेतलं. कुणाला भितोय मी, या वयात?

बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं होती. तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीजवळच्या एका गल्लीत, जिना चढून वर माझा स्टुडिओ होता. नवाच. उस्तादांकडं शिकून मी वेगळा झालो होतो आणि मला नाव करायचं होतं. लग्नाच्या मुलींचे फोटो माझ्याकडं यायला लागले होते. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मी देवीचे वण बुजवायचो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचो. लोक म्हणायचे, याच्याकडं फोटो काढला की मुलीचं जमतंच. हे ऐकायला मला आवडायचं. लई आवडायचं.

पाचोडकडचे किसनराव आपल्या मुलीला घेऊन आले ते अशाच कुणाचं तरी ऐकून. शेतकरी माणूस, सरळ. मुलगी प्रयाग — वीसएक वर्षांची, गव्हाळ, शांत. तिच्या डाव्या कानाखालून मानेपर्यंत कोडाचा डाग होता. स्थळ आलेला मुलगा पुण्याला कारखान्यात होता, त्याला रजा मिळत नव्हती. फोटो बघून तो ठरवणार होता. किसनरावांनी मला बाजूला घेतलं. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, "फोटूत डाग दिसू द्या. लपवायचं नाय मला. पोराला बघून काय ते ठरवू द्या."

मी व्हय म्हणालो. पदर खांद्यावर घ्यायला लावला, मान वळवायला लावली, डाव्या बाजूनं उजेड टाकला. डाग स्पष्ट दिसत होता. त्यांना पुन्हा शहरात खेप घालायला नको म्हणून फोटो मीच पुण्याला पाठवायचा, असं ठरलं.

आणि मग — मी निगेटिव्ह काचेवर ठेवली. पांढरा डाग निगेटिव्हवर काळा दिसतो. ब्लेडच्या टोकानं मी तो खरवडत गेलो. का? कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. दयेपोटी केलं असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. माझ्या स्टुडिओतून गेलेला फोटो नापसंत होऊन परत यावा, हे मला सहन होणार नव्हतं. एवढंच. मी काम संपवलं तेव्हा मान स्वच्छ होती. मी स्वतःवर खूश होतो.

होकार आला. पाहायला आलेल्या मंडळींसमोर प्रयाग रीतीप्रमाणे डोक्यावरून पदर घेऊन बसली. किसनरावांनी विचारलं, पोरानं फोटो नीट बघितलाय ना? ते म्हणाले, बघितलाय, पसंत आहे. लग्न झालं. महिन्याच्या आत ती माहेरी परत.

एका दुपारी तिघं माझा जिना चढून आले. किसनराव, प्रयाग आणि मुलाचा चुलता. चुलत्यानं फोटो माझ्या टेबलावर ठेवला. त्याचं म्हणणं, यांनी फसवलं. किसनरावांचं म्हणणं, फोटोत डाग असणारच, ते माझ्याकडं आशेनं बघत होते. मग त्यांनी फोटो हातात घेतला. पहिल्यांदाच. उजेडाकडं धरला, पुन्हा धरला.

चुलत्यानं विचारलं, तुम्ही काही केलंत का?

बाहेरच्या बाकावर एक कुटुंब मुलीला घेऊन बसलं होतं, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी म्हणालो, "मी फोटोला हात लावत नाही. समोर जे असतं, तेच येतं."

किसनराव लेकीकडं वळले. आवाज अगदी बारीक झाला होता. "पावडर लावली व्हतीस का गं, बाई?"

तिला माहीत होतं. मीच तिची मान वळवली होती, मीच दिवा सरकवला होता. ती माझ्याकडं बघत राहिली — रागानं नाही, वाट बघत. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी टेबलावरची कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. मग ते जिना उतरून गेले. वडील पुढं, ती मागं.

स्टुडिओ चालला. रंगीत फोटो आले, मोठी लग्नं आली. पुढं पुंडलिकनगरला मुलानं दुसरी शाखा काढली. पण किसनरावांसारखा फेटा बांधलेला कुणीही जिना चढताना दिसला की मी आतल्या डार्करूममध्ये शिरायचो. पाचोडच्या बाजूची कामं मी टाळत राहिलो. लोकांना वाटायचं, मोठा झाला, आता खेड्यात जात नाही.

एकदा टाळता आलं नाही. जुन्या मित्राच्या मुलीचं लग्न, पाचोडलाच. नवरीकडच्या बायकांचा फोटो घ्यायला उभा राहिलो, तर डाव्या टोकाला ती. केस पिकलेले, डाग आता हनुवटीपर्यंत आलेला. कुणीतरी सहज सांगितलं, ही प्रयागबाई, नवऱ्यानं टाकलेली. बाप मरेपर्यंत हिच्याशी धड बोलला नाही. तिनं मला ओळखलं. पदर पुढं ओढला नाही. उभी राहिली, कॅमेऱ्यात बघत.

मी एक पाऊल उजवीकडं सरकलो आणि कॅमेरा थोडा वळवला. ती चौकटीबाहेर गेली. मग मी बटण दाबलं.

ती अजून आहे, असं मित्र सांगतो. पाचोड इथून बसनं दीड तासावर आहे. मी गेलेलो नाही.