पुट्टीचं पेंटिंग आणि हंबीररावांची फळी

हंबीररावांनी आयुष्यात एकच गोष्ट कुणाला दाखवली नव्हती, ती म्हणजे ब्रश पुसायची फळी. आणि नेमकी तीच सगळ्या बेंगळुरूला दिसली!

म्हणजे बघा ना, माणूस चाळीस वर्षं राजाजीनगरात दुकानांच्या पाट्या रंगवतोय. मूळचा निपाणीकडचा, घरात मराठी, पण कन्नड अक्षर असं काढतो की वाचणाऱ्यालाच लाज वाटावी आपल्या अक्षराची. मेडिकल, बेकरी, टेलर, दातांचा डॉक्टर, सगळ्यांची नावं ह्यांच्या हातची. फ्लेक्स आले, कामं अर्ध्यावर आली, तरी अक्षराचा पाय केसभर वाकडा गेला की अख्खी पाटी पुसून परत! आणि एवढं करून लोक काय म्हणायचे? "अण्णा, फोन नंबर बरोबर टाकलाय ना?" बास. हंबीररावांना फार वाटायचं, एकदा, एकदाच, कुणीतरी पाटीसमोर थांबून विचारावं, हे कुणी काढलंय हो? पण हे ते बायकोलासुद्धा कधी बोलले नव्हते. शिवलीलाबाईंना अर्थातच माहीत होतं.

तर पुट्टी. पुट्टी म्हणजे गल्लीची मांजर. दूध शिवलीलाबाईंचं प्यायची आणि झोपायला वरच्या मजल्यावर सिद्धीकडे जायची. सिद्धी पुण्याची, आयटीतली, वर भाड्यानं राहणारी आणि पुट्टीच्या पायी पूर्ण वेडी.

एका दुपारी पुट्टीनं निळ्या ऑइलपेंटच्या झाकणात चारही पाय घातले आणि थेट फळीवरून चालत गेली. शिवलीलाबाईंनी तिला बकोटीला धरलं आणि खोबरेल तेलानं एकेक पाय पुसत शिव्या घातल्या, अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड. तेवढ्यात सिद्धी खाली आली. भिंतीला टेकलेली फळी बघून तिनं किंकाळीच मारली.

"काका!!! हे पुट्टीनं केलं?"

हंबीरराव गांगरले. "पाय तिचेच की वो," ते म्हणाले. खोटं नव्हतंच ते! पण पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत सिद्धीनं फोटो काढून नेटवर टाकलासुद्धा.

संध्याकाळपर्यंत हा राडा. मांजरी पेंटिंग करू शकतात का, ह्यावर लोक भांडतायत! एक म्हणतो मांजराला कसली आलीय कला, दुसरा म्हणतो मग ह्या फटकाऱ्यांत एवढा एकटेपणा कुठून आला? एका बाईनं लिहिलं, "त्या पिवळ्यात किती वेदना आहे!" हंबीररावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. वेदना कुठली, ते बनियनवाल्याच्या पाटीचं उरलेलं पिवळं होतं.

"अवो, खरं सांगून टाका की," शिवलीलाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? पोरगी केवढी खूश आहे."

"मग तोंड का पाडून बसलाय? मांजराचा हेवा वाटतोय व्हय?"

हंबीररावांनी चष्मा काढून खिशात टाकला. वाटत होता ना! चाळीस वर्षांत जे ह्यांना कुणी म्हणालं नाही, ते मांजरीला एका दुपारीत मिळालं होतं.

कोपऱ्यावरच्या कॅफेच्या मालकानं, योगीराजनं, फळी मागून नेली आणि भिंतीवर लावली. वर जाहीर केलं, रविवारी पुट्टी सगळ्यांसमोर पेंटिंग करणार. सिद्धीनं पुट्टीला त्रास नको म्हणून रात्रभर यूट्यूब बघून दह्यात रंग कालवले. हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा.

रविवारी तीसेक माणसं, तीसेक मोबाइल. टेबलावर पांढराशुभ्र कॅनव्हास. पुट्टी आली, वास घेतला आणि पिवळा रंग चाटून संपवला. मग गुलाबी. हिरव्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मग कॅनव्हासच्या मधोमध बसून शेपटी साफ करायला लागली. वीस मिनिटं!

"आर्टिस्टनं रंगच खाल्ला," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मग मागून आवाज आला, "फेक आहे हे. लाइक्ससाठी काय वाट्टेल ते करतात." सिद्धीची हनुवटी थरथरायला लागली.

आणि हंबीरराव उभे राहिले.

"थांबा स्वल्प. पोरीला काही बोलू नका. तिला माहीत नाही. फळीवरचे पाय तेवढे मांजरीचे. बाकीचं... बाकीचं मी ब्रश पुसलाय. अकरा वर्षं. ते चित्रबित्र नाही."

सिद्धी आ वासून बघत होती. "काका, हे सगळं तुमचं आहे?"

योगीराज फळीजवळ गेला, परत आला, कपाळाला हात लावला. "अय्यो अण्णा! बाहेरची माझी पाटी पण तुमचीच ना?"

आणि खरं सांगते, अख्खी गर्दी चहाचे कप घेऊन बाहेर गेली! त्या पाटीखालून रोज आत येणारी माणसं पहिल्यांदा मान वर करून उभी होती. रस्त्यानं जाणारा एक माणूस पण थांबला, त्यानंही वर बघितलं, आणि विचारलं, "यारु बरेदिद्दु?" कुणी लिहिलंय हे?

तीस बोटं हंबीररावांकडे. ते पाटीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर रडूच आलं असतं.

"आता फळीवर सही करा," योगीराज म्हणाला. फळी टेबलावर आडवी ठेवली. हंबीररावांनी पिशवीतनं लाल डबा काढला, कोपऱ्यात नाव लिहिलं. सगळे बघतायत म्हटल्यावर शेवटच्या अक्षराचा पाय वाकडा गेला. आणि ते वाकडं अक्षर बघतायत तोवर पुट्टीनं उडी मारली, बरोब्बर ओल्या नावावर!

हंबीररावांचा हात सवयीनं फडक्याकडे गेला.

"पुसू नका!!" तीस माणसं एकदम ओरडली.

"पुसा की वो," शिवलीलाबाई पर्समधून खोबरेलची बाटली काढत म्हणाल्या. "नाव राहू दे. आधी त्या आर्टिस्टचे पाय पुसा!"